घरामागच्या ओल्या सावलीत लव्हाळे लावायचे आहे, पण कोणते?

परसदार · ११ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचं जुनं घर आहे. घरामागे साधारण बारा बाय अठरा फुटांचं परस. त्यात एक फणस, एक रायवळ आंबा आणि पश्चिमेला शेजाऱ्यांची दुमजली भिंत. सकाळी दीडेक तास ऊन येतं, तेही आंब्याच्या पानांतून गाळून. किल्ल्याच्या उतारावरचं पाणी आषाढात परसात पाझरायला लागतं आणि दिवाळीपर्यंत पाझरत राहतं. पाऊल ठेवलं की चप्पल गाळात रुतते.

सोळा वर्षांत तिथे काय काय लावून पाहिलं. लॉन दोनदा घातलं, दोन्ही वेळा श्रावणात कुजून वास मारायला लागलं. मोगऱ्याला पानं भरपूर, कळी एक नाही. गुलाब पहिल्याच पावसात काळे पडले. आता घरात सगळे म्हणतात मुरूम टाकून पेव्हर ब्लॉक बसवून घे. सासरेही तेच म्हणतात. कामगारांशी बोलणंही झालंय.

पण गेल्या भाद्रपदात यवतेश्वरच्या घाटात गाडी थांबली होती. रस्त्याच्या कडेला झाडांखाली दगडांतून पाणी झिरपत होतं आणि त्या ओलीत लव्हाळं वाढलेलं होतं. बोटभर रुंदही नसतील अशी पानं, मध्ये पन्हळ, आणि त्या पन्हळीतून थेंब घरंगळून टोकाशी थांबत होता. तिथून हलावंसं वाटेना. घरी आले आणि परस पाहिलं तर तीच जागा! तसाच पाझर, तशीच सावली. इतकी वर्षं मी त्या जागेशी भांडत होते असं वाटलं.

तर प्रश्न असे: आपल्याकडचं, इथलंच लव्हाळं बागेत शोभेसाठी कुणी लावलंय का? कोणतं लावावं? कुठून आणावं? घरभर पसरेल का? आणि डास-साप यांचं काय?

पानगळ · ११ जून, रात्री १०:२२

वाचतेय. आमच्याकडेही बोअरच्या मागे अशीच चिबड जागा आहे.

ऊसकरी_वाळवा · १२ जून, सकाळी ६:१५

ताई, राग मानू नका, पण हे वाचून रात्रभर मनात घोळत होतं म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहितोय. लव्हाळा मुद्दाम लावायचा? आमच्या वाळवा तालुक्यात कुणालाही विचारा, उसाच्या लागणीत सगळ्यात जास्त छळणारं तण हेच. बायका भांगलून जातात आणि पंधरा दिवसांत सरी परत हिरवी. वरचा पाला निघतो, खाली गाठ राहते. एका गाठीतून दोरी निघते, दोरीला पुढची गाठ, तिला पुढची, जपमाळेसारखं. नांगर घातला तर दोरी तुटते आणि प्रत्येक गाठ वेगळं झाड होऊन बसते. म्हणजे मशागतीनं कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

आम्ही शेवटी हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक मारतो. ते पानातून गाठीपर्यंत उतरतं आणि ऊस वाचतो. पण घराच्या परसात, विहिरीजवळ, लेकरंबाळं फिरतात तिथे तुम्ही ते मारणार आहात का? एकदा गाठ जमिनीत गेली की तुमच्या नातवंडांपर्यंत पुरेल. विनंती आहे, नीट विचार करा.

ओढ्याकाठचा · १२ जून, सकाळी १०:४०

ऊसकरी दादांचा इशारा शंभर टक्के खरा आहे. पण तो एका जातीबद्दल आहे, आणि आपण लव्हाळा हे एकच नाव अनेक वनस्पतींना देतो. गोंधळ तिथे होतो. मी कराडला वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी गवत आणि लव्हाळं यातला फरक. फुलाची काडी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. गवताची काडी गोल असते, आतून पोकळ, आणि तिला पेरं असतात. लव्हाळ्याची काडी बहुतेक वेळा त्रिधारी असते, बोटांत फिरवताना तीन कडा स्पष्ट लागतात. आत पांढरा भेंड भरलेला, आणि पेरं नाहीत. पानंही तीन रांगांत येतात, वरून पाहिलं तर तीन दिशांना फाकलेली दिसतात. गवताची दोन रांगांत. डोळे मिटूनही ओळखता येतं, मी मुलांना तसंच ओळखायला लावायचो. (एलिओकॅरिससारख्या काही जातींची काडी गोल असते, पण तो अपवाद.)

या कुळात जगभरात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. दादांच्या उसातला तो सायपेरस रोटंडस, म्हणजे मोथा. त्याच्या गाठी वैद्य मुस्ता म्हणून वापरतात. त्या एकामुळे बाकी सगळं कुळ बदनाम झालं.

परसदार ताई, तुमच्या कामाचा मुद्दा एकच: ते झाड ठोंब धरून वाढतं की जमिनीखालून धावतं? कुठलंही लव्हाळं घरी आणायच्या आधी खुरप्यानं बाजूची माती हळूच उकरा. तारेसारखी बारीक, चिवट दोरी आणि तिला काळपट गाठी दिसल्या तर ते तिथेच सोडा. मुळांचा झुपका एका जागी दाट असेल, ठोंब हातात गच्च लागत असेल, तर निर्धास्त आणा.

आता तुमच्या जागेसाठी. पहिली पसंती किलिंगा नेमोरॅलिस. वीतभर उंच, गडद हिरवं, आणि पावसाळ्यात काडीच्या टोकाला वाटाण्याएवढं पांढरं शुभ्र बोंड. बोंडाखाली तीन पानं पसरलेली, एखाद्या थाळीत मोती ठेवावा तशी. अर्ध्या सावलीत उत्तम, ओल आवडते. हे जमिनीलगत रांगतं हे खरं, पण त्याचं खोड उथळ असतं, हाताने उपटून येतं, गाठी नसतात. कडेला विटा उभ्या पुरल्या की आवरतं. हिरवट बोंडाची दुसरी एक किलिंगा लॉनमध्ये फार धावते, ती नको.

उंच हवं असेल तर सायपेरस एक्झाल्टॅटस. नदीकाठी, कॅनॉलच्या कडेला, तळ्याच्या गाळात दिसतं. माणसाच्या छातीपर्यंत जातं, वर सोनेरी-तपकिरी तुरे छत्रीसारखे फुटतात. ठोंब धरून राहतं. पण त्याला ऊन लागतं, म्हणून तुमच्या पूर्वेच्या कोपऱ्यातच. दाट सावलीत लावलंत तर लोळेल.

फिम्ब्रिस्टायलिस डायकोटोमा हे केसांसारखं बारीक, टोकाला तपकिरी कणसांचे ठिपके. दगडांच्या फटीत सुंदर दिसतं. आणि फणसाच्या अगदी बुंध्याशी, जिथे काहीच येत नाही, तिथे स्क्लेरिया लिथोस्पर्मा. जंगलाच्या सावलीतलंच झाड ते. त्याचं बी चिनी मातीच्या मण्यासारखं पांढरं आणि दगडासारखं कठीण. मात्र स्क्लेरियाच्या काही भाईबंदांची पानं हात कापतात. बाहीचा शर्ट घालून हाताळा.

याच कुळातल्या कॅरेक्सबद्दल कुणीतरी विचारेलच. सह्याद्रीच्या उंच, गार सावलीत त्याच्या जाती आहेत आणि त्या फार देखण्या आहेत. जावळी तालुक्यात मित्राच्या मालकीच्या रानातून एक ठोंब आणून मी कराडला कुंडीत लावला होता. दोन पावसाळे छान काढले, तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गेला. पाणी रोज देत होतो, हवा कोरडी पडली. त्याची आठवण अजून येते.

परसदार · १२ जून, रात्री ८:०५

सर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. संध्याकाळी सासूबाई आणि मी दोघी गल्लीत काड्या फिरवत होतो. गटाराच्या कडेला जे "गवत" रोज बघते ते गवत नाहीच! तीन धारा लगेच लागल्या. पांढरं बोंडही सापडलं, दोनच होती. उकरून पाहिलं, गाठ नाही, आडवं जाड खोड आणि त्याला लालसर खवले. खोड चुरगळलं तर किंचित सुगंध आला. किलिंगाच ना हे?

ऊसकरी दादा, तुमचं लिहिणं मनाला लागलं. उकरून पाहिल्याशिवाय एक काडीही परसात येणार नाही, शब्द देते.

ओढ्याकाठचा · १२ जून, रात्री ९:३०

वर्णन तरी किलिंगाचंच आहे. श्रावणात बोंडं भरपूर आली की खात्री होईल.

गच्चीवरची · १३ जून, दुपारी ३:२०

मी सांगलीची. एवढा खटाटोप कशाला, अंब्रेला पाम लावा ना ताई. मी आठ वर्षं टबमध्ये ठेवलाय. २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं, अंगणातला टब कित्येक दिवस गढूळ पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर सगळ्या कुंड्या फेकल्या. याचा नुसता चिखलाचा गोळा दिसत होता. मी तो धुतला, पानं कापली, आणि महिन्याभरात नवे कोंब आले. त्या दिवसांत घरात काहीच धड नव्हतं. तो हिरवा कोंब पाहून मला किती धीर आला ते सांगता येणार नाही. म्हणून त्या झाडाबद्दल मी नेहमी चांगलंच बोलणार.

आणखी एक अनुभव. "देशी शोभेचं गवत" म्हणून एका नर्सरीतून मी पांढऱ्या चांदणीचं रोप घेतलं होतं, टोकाला पांढरी लांब पानं ताऱ्यासारखी. नंतर कळलं ते अमेरिकेतलं. विकणाऱ्यालाही माहीत नसावं. तर नर्सरीतून घ्याल तेव्हा नाव विचारून घ्या.

ओढ्याकाठचा · १३ जून, संध्याकाळी ६:१०

गच्चीवरची ताई, पुरातली हकीकत वाचून गलबलून आलं.

नावात पाम असलं तरी अंब्रेला पाम हे सायपेरसच, म्हणजे लव्हाळ्याचं सख्खं भावंड. मूळ मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेकडचं. पपायरस आणि बुटका पपायरस हेही आफ्रिकेतले. टबमध्ये ठेवायला काहीच हरकत नाही. एवढंच सांभाळा की कापलेले तुरे ओढ्यात, नदीत टाकू नका. त्याची छत्री पाण्यात उलटी पडली तरी पानांच्या बेचक्यातून मुळं फुटतात. मुद्दाम रोपं करायची तीच तर रीत आहे. ऑस्ट्रेलियात हे झाड ओढ्याकाठी असंच सुटून पसरलंय. परसदार ताईंच्या परसातलं पाणी पुढे गटारातून ओढ्याला जाणार, म्हणून तिथे उघड्या जमिनीत ते नको असं माझं स्पष्ट मत.

चांदणीचं रोप म्हणजे ऱ्हिंकोस्पोरा कोलोराटा. तेही याच कुळातलं, उत्तर अमेरिकेचं. तुमची माहिती बरोबर आहे.

मिरजकर · १४ जून, सकाळी ११:००

डास आणि सापांचं कुणीच बोललं नाही. आमच्या सोसायटीत नुसतं गवत गुडघ्याएवढं झालं तरी तक्रारी येतात. डेंग्यूच्या दिवसांत हा धोका घ्यावा का?

घाटमाथा · १४ जून, दुपारी १:४५

मी वाईची. माझ्याकडे विहिरीच्या सांडपाण्यावर सहा वर्षं अशी ओली बाग आहे, म्हणून लिहिते.

डासाला ओली माती चालत नाही, साचलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस जातात, तेवढे दिवस पाणी एका जागी उभं राहिलं तरच. म्हणून ताई, लावायच्या आधी परसातून वीतभर रुंद, चार बोटं खोल अशी तिरकी सर काढा, तळाशी गोटे घाला आणि ती गटाराला जोडा. जास्तीचं पाणी वाहून जाईल, माती मात्र ओली राहील. लव्हाळ्याला तेवढं पुरतं. घरातल्या कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीतले टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे हे आधी रिकामे करा. आमच्याकडे अळ्या सापडल्या त्या तिथे, बागेत नाही.

साप उंदरामागे आणि आडोशामागे येतो. विटांचा ढीग, लाकडं, जुने पत्रे परसात ठेवू नका. जायची-यायची वाट दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट मोकळी ठेवा, तिथे फक्त वीतभर उंचीचंच लावा. उंच ठोंब भिंतीकडे. रात्री बॅटरीशिवाय जायचं नाही, हे गावाकडे आपण पाळतोच.

आमच्याकडे बेडूक भरपूर झालेत. सासरे म्हणतात मृगाच्या रात्री त्यांच्या आवाजाने झोप येत नाही, आणि म्हणता म्हणता ओसरीत येऊन ऐकत बसतात.

परसदार · १४ जून, रात्री ९:१५

घाटमाथा ताई, सर काढायची कल्पना सासऱ्यांना पटली. "पाण्याला वाट दिली तर मग फरशी कशाला" असं ते स्वतःच म्हणाले. पेव्हर ब्लॉकचं काम पुढे ढकललं आहे.

आता आणायचं कुठून? कासला तर हे रग्गड आहे. पंचवीस किलोमीटरवर. मामेभाऊ म्हणतो रविवारी जाऊन चार ठोंब घेऊन येतो.

ओढ्याकाठचा · १४ जून, रात्री ९:४०

ताई, कृपा करून भावाला थांबवा.

कासचं पठार राखीव वनात आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांमध्ये आहे. तिथून काहीही उपटणं गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी सांगतो. त्या जांभ्या खडकावर माती कुठे चार बोटं, कुठे तेवढीही नाही. गेंद, सीतेची आसवं, तेरडे हे सगळं त्या एवढ्याशा मातीवर उभं असतं, आणि ती माती जागच्या जागी धरून ठेवायचं काम तिथली गवतं आणि लव्हाळी करतात. एक ठोंब उपटला की त्याबरोबर ओंजळभर माती जाते, आणि मग पावसाच्या पहिल्या झडीत आजूबाजूची. शिवाय पठारावरचं झाड तुमच्या फणसाखाली जगणारही नाही. त्याला वर उघडं आभाळ लागतं.

तुम्हाला हवं ते तुमच्या गल्लीत आहे. गटाराची कडा, कॅनॉलचा काठ, ओळखीच्यांच्या शेताचा बांध. तिथून मालकाला विचारून आणा. जे घराजवळ आपणहून उगवलंय ते घरी जगणार.

लावायची रीत सांगतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजू द्या. ठोंब खुरप्याने उचला, सुरीने चिरून प्रत्येक भागात चार-पाच फुटवे आणि पुरेशी मुळं राहतील असे तुकडे करा. पानं वीतभर ठेवून कापा. मुळं सुकू देऊ नका, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा आणि त्याच दिवशी लावा. लहान जातींना एक फूट, उंच जातींना दोन फूट अंतर. फणसाच्या मुळांवर कुदळ चालवू नका आणि बुंध्याभोवती मातीचा भरावही घालू नका, मुळांमधल्या खळग्यांतच लावा. खत नको. फणसाचा पालापाचोळा कुजतोय तेवढा बस.

परसदार · १९ जुलै, दुपारी ४:३०

लावलं! चौतीस ठोंब. वीस किलिंगा, गल्लीतून आणि पलीकडच्या आळीतून. आठ उंच जातीचे, माहेरी कोरेगावकडे कॅनॉलच्या कडेला चुलत्यांच्या बांधावरून. सहा बारीक पानांचे, तेही तिथलेच. स्क्लेरिया काही मिळालं नाही. सासऱ्यांनी स्वतः सर काढली, ओढ्यातले नाही, बांधकामातून उरलेले गोटे घातले. भिंतीलगत आधीचा सोनटक्का आहे तो राहू दिला. फोटो टाकतेय.

गच्चीवरची · १९ जुलै, दुपारी ४:५०

किती सुंदर दिसतंय! सोनटक्क्यापुढे तो बारीक पोत अगदी उठून दिसतो. सरीच्या कडेला ब्राह्मी सोडा, पसरेल छान.

घाटमाथा · १९ जुलै, संध्याकाळी ७:००

वेखंडाचे दोन कंदही लावा. पानं लव्हाळ्यासारखीच दिसतात पण कुळ वेगळं, आणि ओल सारखीच लागते. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

ऊसकरी_वाळवा · २० जुलै, सकाळी ५:५०

ताई, फोटो मोठा करून बघितला. दुसऱ्या फोटोत डावीकडे उंच ठोंबाच्या बुडाशी दोन पाती वेगळी दिसतात. जास्त गडद, चकाकी असलेली. मला ती मोथ्याची वाटतात. चूक असेल तर आनंदच आहे. पण उकरून बघा, आजच बघा.

परसदार · २० जुलै, सकाळी ९:१०

दादा, तुमच्या नजरेला सलाम.

पावसातच छत्री घेऊन गेले. खुरप्याने माती बाजूला केली तर ठोंबाच्या मुळांत गुंतलेली काळी दोरी, तिला दोन गाठी, आणि एका गाठीतून पांढरा कोंब निघालेला. आणताना मुळांना चुलत्यांच्या बांधावरची माती तशीच होती, त्यातून आल्या. मी झाड तपासलं, माती नाही तपासली.

आठही उंच ठोंब उपटून बादलीत धुतले, बोटांनी मुळं विंचरून. अजून तीन गाठी निघाल्या. खळग्यांतली मातीही घमेल्यात काढून चाळणीने चाळली. सगळ्या गाठी सासूबाईंनी ताटलीत काढून ठेवल्यात.

ऊसकरी_वाळवा · २० जुलै, सकाळी ९:४०

बरं झालं लवकर कळलं. आता महिनाभर दर आठवड्याला बघत राहा. नवीन पात दिसली की ओढायची नाही, ओढली की दोरी तुटते आणि गाठ खाली राहते. खालून खुरप्याने गाठीसकट काढायची.

ओढ्याकाठचा · २० जुलै, सकाळी १०:३०

मुळं धुवून लावा हे मी लिहायला हवं होतं. चूक माझी आहे. दादा, तुमचे मनापासून आभार. एक दिलासा: मोथ्याला सावली मानवत नाही. उघड्या उसात तो माजतो, फणसाखाली तेवढा जोर धरणार नाही. पण तो पूर्वेचा कोपरा उन्हाचा आहे, तिथे लक्ष ठेवाच.

परसदार · १७ ऑगस्ट, रात्री ८:४५

थोडी वाईट बातमी. नऊ किलिंगा गेल्या. मधली पानं पिवळी पडली आणि हलकेच ओढली तर बुडातून सुटून हातात आली, बुडाशी कुजकट वास. वाचलेल्या आणि गेलेल्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा कळलं. भीतीपोटी मी काही ठोंब दोन बोटं जास्त खोल दाबले होते. गाळ वर चढला आणि मान, म्हणजे पानं आणि मुळं जुळतात ती जागा, बुडाली. ज्यांची मान मातीच्या वर होती त्या सगळ्या मजेत आहेत.

आणि आता पांढरी बोंडं आलीत. सकाळी साडेसातला आंब्यातून ऊन येतं तेव्हा ती आधी उजळतात, मग पानं. मी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसते. सोळा वर्षांत त्या पायरीवर मी कधी बसले नव्हते.

ओढ्याकाठचा · १७ ऑगस्ट, रात्री ९:२०

ओल्या जागेत मान मातीच्या पातळीला किंवा केसभर वरच हवी. गेलेल्या जागा रिकाम्या राहू द्या. बाकीच्या अकरा पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या भरून काढतील.

पानगळ · १८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

बोअरच्या मागे आम्हीही परवा सात ठोंब लावले. बादलीत धुऊन, मान वर ठेवून.

परसदार · नरक चतुर्दशी, सकाळी ११:००

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. एक सांगायचं होतं. मोथ्याच्या त्या पाच गाठी आणि नंतर महिनाभरात निघालेल्या बारा, सासूबाईंनी धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून डब्यात ठेवल्या होत्या. परवा त्यांनी त्या कुटून वस्त्रगाळ केल्या आणि घरच्या उटण्यात घातल्या. आज पहाटे अभ्यंगाला तोच वास होता. ऊसकरी दादा, तुमची आठवण काढली सगळ्यांनी.

ऊसकरी_वाळवा · नरक चतुर्दशी, दुपारी १२:३०

वाचून फार बरं वाटलं ताई. आमच्या आजीही घालायची. इतकी वर्षं मारत आलो, ही गोष्ट विसरूनच गेलो होतो. पुढच्या वर्षी भांगलणीतल्या गाठी थोड्या घरी आणणार.

परसदार · २६ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

उन्हाळ्याचा हिशोब, म्हणजे नवीन लावणाऱ्यांना घाबरायला नको. मार्चपासून पाझर बंद. किलिंगाची टोकं करपली, मग पानं भुरकट झाली. बारीक पानांचं पूर्ण वाळलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, गेलं तुझं गवत. वाळलेलं मी विळ्याने चार बोटं ठेवून कापलं, त्यावर फणसाचा पाला पसरला आणि आठवड्यातून दोनदा झारीने पाणी घातलं. साबणाचं पाणी नाही, भाज्या-तांदूळ धुतलेलं. उंच ठोंब मात्र सरीच्या टोकाशी हिरवे आहेत. त्यांच्या वाळल्या तुऱ्यांवर दुपारी ठिपक्यांच्या मुनिया लोंबकळत दाणे टिपतात. काल पाला बाजूला करून पाहिलं, किलिंगाचं खोड आत टणक आणि ओलं आहे, टोकाला पांढरट कोंब.

मिरजकर · २६ एप्रिल, रात्री ८:००

डासांचं काय झालं शेवटी? प्रामाणिकपणे सांगा.

परसदार · २६ एप्रिल, रात्री ८:२०

पावसाळ्यात सरीत एका ठिकाणी गोटे खचून पाणी साचलं होतं, तिथे अळ्या दिसल्या. गोटे हलवून उतार नीट केला, परत दिसल्या नाहीत. संध्याकाळी डास असतात, पण आधीही होते, वाढले असं घरात कुणालाच वाटलं नाही. साप एकदाही दिसला नाही.

परसदार · ९ जून, सकाळी ८:१५

रात्री पहिला जोराचा पाऊस झाला. सकाळी पाहिलं तर पाला वर उचलून किलिंगाचे कोंब बाहेर आलेत, गेलेल्या नऊ जागांपैकी सहा जागांत सुद्धा. सासरे सर साफ करायला उतरलेत.

साताऱ्यातल्या कुणाला ठोंब हवे असतील तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात या. येताना बादली आणा, मुळं इथेच धुऊन देईन.